मनगटी घड्याळावरून मुलाचा ताण ओळखताना

माझा मुलगा चौदा वर्षांचा आहे, ऑटिस्टिक आहे आणि फार थोडं बोलतो. छाती धडधडली तरी त्याला ते सांगता येत नाही. म्हणून आम्ही ताण दाखवणारं घड्याळ वापरतो. तुम्हीही घेणार असाल तर आधी पट्ट्याकडे बघा. सिलिकॉनचा पट्टा घामाने चिकटतो, आम्ही विणलेला कापडी घेऊन दोन-तीनदा धुतला. घड्याळ सुरुवातीला नुसतं टेबलावर राहू द्या, मग जेवताना थोडा वेळ मनगटावर. ‘काढ’ अशी खूण केली की त्या क्षणी काढायचं. आवाज आणि थरथर बंदच ठेवा.

घड्याळाच्या पाठीवरचा हिरवा उजेड रक्ताचा प्रवाह टिपतो. त्यावरून ठोके आणि दोन ठोक्यांमधलं कमीजास्त होणारं अंतर मिळतं, ताणाचा आकडा बहुधा त्यातूनच निघतो. काही घड्याळं घामामुळे त्वचेत होणारा विद्युत बदलही मोजतात. पण मे महिन्यातला घाम उकाड्याचा असतो, हात फडफडवताना नोंद बिघडते आणि झोपाळ्यावर आनंदानेही ठोके वाढतात. तेव्हा नुसत्या आकड्यावर विसंबू नका.

पहिले काही आठवडे तो शांत बसलेला किंवा झोपलेला असतानाचे आकडे बघून ठेवा. सोबत वही हवीच: वेळ, जागा, आवाज, झोप, पोट साफ झालं का, दात दुखतोय का. आमच्या वहीत एक गोष्ट ठळक दिसली. कुकरच्या शिट्टीने नव्हे, गॅसवर कुकर चढला की त्याचे ठोके वाढत. शिट्टीची वाट बघणंच त्याला जड जात होतं. आता वरण-भात तो शाळेत असतानाच होतो.

अमेरिकेत संशोधक मॅथ्यू गुडविन यांच्या गटाने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात रुग्णालयातल्या २० ऑटिस्टिक मुलांच्या मनगटावरच्या उपकरणांच्या नोंदींवरून आक्रमक वर्तनाचा अंदाज एक मिनिट आधी बांधता आला. ज्याच्या-त्याच्या स्वतःच्या नोंदींवरून बांधलेला अंदाज जास्त बरोबर ठरला. म्हणून शेजारच्या मुलाचा आकडा आपल्या मुलाला लावू नका. आणि मिनिटभरात शोधाशोध होत नाही: कानावरचे हेडफोन, अंधारी खोली, कमीत कमी बोलणं, हे आधीच ठरलेलं असू द्या. आकडा चढला म्हणून त्याला धरून ठेवणं, दटावणं तर अजिबात नको.

शाळेला आलेख पाठवू नका, त्याचा वापर मुलावर नजर ठेवायला होऊ शकतो. ‘प्रार्थनेच्या वेळी माइक सुरू होण्याआधी त्याला वर्गात बसू द्या’, एवढं बाईंना लिहून दिलं तरी पुरतं.