वाड्याच्या सुरक्षेसाठी निधी मागण्यापूर्वी

कॅमेरे, दिवे किंवा मैदानाला कुंपण मागण्याआधी एक गोष्ट कागदावर आणावी: दुसऱ्या वर्षापासूनचा खर्च कोण करणार. वीजबिल, हार्डडिस्क, बॅटरी आणि दुरुस्तीला येणाऱ्या माणसाची मजुरी हे सारे त्यात येते. गोव्यातल्या आमच्या वाड्यावर, म्हणजे गावातल्या आमच्या वस्तीत, कॅमेऱ्यांचे खांब उभे राहिले, उद्‌घाटन झाले, आणि हा प्रश्न कुणीच न विचारल्यामुळे पहिल्या पावसाळ्यानंतर यंत्रणा बंद पडली. म्हणून पुढे जे लिहिले आहे त्यातले बाकी काही राहिले तरी चालेल, पण हे राहता कामा नये.

त्रासाची नोंद आधी करावी. ‘गावात दारुड्यांचा उपद्रव वाढला आहे’ या वाक्यावर कोणीही पैसे देत नाही. मैदानाच्या कोणत्या कोपऱ्यात बाटल्या फुटतात, बसथांब्यावर मुलींची छेड कोणत्या वेळेस काढली जाते, कचऱ्याच्या पिशव्या टाकणारी वाहने कोणत्या वळणावर थांबतात, हे वार आणि वेळेसह लिहावे, आणि प्रत्येक तक्रारीची पोहोच पोलीस ठाण्याच्या शिक्क्यासह घ्यावी. नोंदीत कोणत्याही समाजावर किंवा बाहेरून आलेल्या मजुरांवर सरसकट ठपका ठेवू नये. त्याने गावात तेढ वाढते आणि मागणीही कमकुवत होते. भाडेकरूंची माहिती पोलिसांना देणे हे घरमालकाचे काम आहे, ते त्याच्याकडूनच करून घ्यावे.

ज्यासाठी कायदा पुरेसा आहे त्यासाठी निधी मागू नये. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक वाजवण्यास २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी मनाई आहे. तेथे ११२ वर फोन आणि लेखी तक्रार लागते, कॅमेरा नव्हे. सार्वजनिक जागेवरचा कायमचा उपद्रव असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.

कॅमेऱ्याआधी दिवे. बंद पडलेल्या पथदिव्यांची यादी खांबांच्या क्रमांकांसह वीज खात्याच्या कार्यालयात द्यावी आणि वाटेवर आलेली झुडपे कापून घ्यावीत. संध्याकाळी मुले खेळत असतील तर मैदानावर दारूचा अड्डा सहसा जमत नाही, म्हणून तिथे काय चालवता येईल याचा विचार याच वेळी करावा. तिथे दारू पीत बसणारी मुले बहुधा आपल्याच गावची असतात. त्यांच्याशी वडीलधाऱ्यांनी एकदा बसून बोलल्याशिवाय अर्ज पुढे नेऊ नये.

ठराव ग्रामसभेचाच असावा, चार प्रतिष्ठितांच्या सह्यांचे निवेदन नको. गोव्यात नियमित ग्रामसभा जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर या महिन्यांत रविवारी होतात. त्यांपैकी ऑक्टोबरची सर्वांत महत्त्वाची, कारण ग्रामपंचायत विकास आराखड्याचे काम त्याच सुमारास सुरू होते आणि आराखड्यात नसलेल्या कामासाठी नंतर धावपळ करावी लागते. ठरावात जागा, मालमत्ता कोणाच्या नावे राहील ते, आणि देखभालीची वार्षिक रक्कम कोणत्या उत्पन्नातून येईल ते आकड्यासह लिहावे. ‘पंचायत देखभाल करील’ एवढे लिहून भागत नाही. आकडा लिहा.

निधीच्या वाटा तीन-चार आहेत आणि बहुतेक देखभालीच्या प्रश्नावरच अडतात. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१-२६ या काळातील अनुदानाचा ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी राखून ठेवलेला होता, तर उरलेल्या ४० टक्क्यांतून पगार व आस्थापनेचा खर्च करता येत नव्हता. पुढच्या काळातील अटी पंचायत सचिवांकडून लेखी घ्याव्यात. खासदार निधी वर्षाला ५ कोटी रुपयांचा असतो, परंतु तो टिकाऊ मालमत्तेसाठी आहे, रोजच्या खर्चासाठी नाही. कंपन्यांचा सामाजिक निधी, म्हणजे २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार निव्वळ नफ्याच्या सरासरीतून द्यायचे २ टक्के, आपल्या परिसरात कारखाना असेल तर मागून पाहावा. मात्र त्यातून घेतलेली मालमत्ता कंपनीच्या नावे राहू शकत नाही, पंचायतीसारख्या सार्वजनिक संस्थेकडे ती देता येते, आणि मालमत्तेबरोबर तिचा खर्चही आपल्याकडे येतो. पुन्हा तोच प्रश्न: पुढचे पैसे कोण देणार? देणाऱ्याने होकार दिल्याच्या आनंदात तो विचारायचा राहतो, म्हणून होकार येण्याआधीच विचारावा.

खांब कोणाच्या जमिनीत रोवायचा हे पाहावे. रस्ता सार्वजनिक बांधकाम खात्याचा, माळ कोमुनिदादचा, म्हणजे गावच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेचा, आणि भाट, म्हणजे माडांची बाग, खाजगी मालकीचे असू शकते. तिघांचे ना-हरकत पत्र वेगळे. कॅमेऱ्याचे तोंड कुणाच्या अंगणाकडे, खिडकीकडे वा विहिरीकडे नसावे. यावरून एकदा वाद झाला की सारा वाडा विरोधात जातो.

आता पावसाळा. विजेच्या लोळापासून संरक्षण, चांगले अर्थिंग, जमिनीपासून उंच बसवलेली पेटी आणि किनारी भागात न गंजणारे खिळे-पट्ट्या हे निविदेत लिहावे. रात्री कॅमेऱ्याच्या इन्फ्रारेड प्रकाशाकडे किडे येतात, त्यांच्यामागून कोळी येतो आणि भिंगासमोर जाळे विणतो. त्या जाळ्यावर प्रकाश पडून पडद्यावर नुसता पांढरा धूर दिसतो आणि वाहनाचा क्रमांक वाचता येत नाही. हे जाळे नियमित झाडणारा माणूस हवा, त्याला मोबदला हवा, आणि तो मोबदला देखभालीच्या त्याच रकमेत धरलेला हवा.

चित्रण पुरावा म्हणून द्यायचे तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्र लागते; ते कोण देईल हे ठरवावे. हार्डडिस्क भरल्यावर जुने चित्रण पुसले जाते, म्हणून किती दिवसांचे साठवायचे तेही. पासवर्ड एका पंचाकडे, म्हणजे पंचायत सदस्याकडे, आणि सचिवाकडे. चित्रण गावच्या व्हॉट्सॲप गटावर टाकायचे नाही. चतुर्थीआधी सर्व कॅमेरे तपासावेत, कारण इथे राहणारी बरीच माणसे तेव्हा आपल्या मूळ घरी जातात आणि त्यांची इथली घरे बंद राहतात. बसवणाऱ्याचा शेवटचा हप्ता पावसाळा संपल्यावरच द्यावा. ही अट निविदेतच असावी, नंतर घालता येत नाही.