बेटा माशांसाठी प्रजननाची टाकी कशी मांडावी

बेटा, म्हणजे आपला फायटर मासा, अंडी सहज देतो. खरा कस लागतो तो पिल्लं जगवताना. म्हणून टाकीच्या आधी खाद्याची बरणी लावा. चालू टाकीतलं जुनं पाणी घ्या, त्यात लेट्यूसचं वाळकं पान टाका आणि बरणी उजेडात ठेवा. पाणी आधी गढुळतं, मग निवळू लागतं. भिंगातून सूक्ष्म ठिपके हलताना दिसले की इन्फ्युसोरिया, म्हणजे पाण्यातले सूक्ष्म जीव, तयार. मायक्रोवर्मचं, म्हणजे बारीक पांढऱ्या अळ्यांसारख्या कृमींचं, विरजणही त्याच सुमारास लावा. हे हाताशी नसेल, तर जोडी सोडूच नका.

टाकी 40 लिटरच्या आसपासची पुरते, पण पाणी 12 ते 15 सेंटिमीटरच भरा. खाली पडलेली अंडी नर तोंडात धरून घरट्यात नेतो. पाणी उथळ असलं की त्याची दमछाक कमी होते. वाळू-खडे मुळीच नकोत, फटीत गेलेलं अंडं त्याला सापडत नाही. पाणी क्लोरीन काढलेलं असावं, हीटर 27-28 अंशांवर.

फिल्टर स्पंजचाच, कारण इतर फिल्टर पिल्लं ओढून घेतात. स्पंज काही आठवडे दुसऱ्या चालू टाकीत मुरलेला असावा, म्हणजे अमोनिया साठत नाही. हवा अगदी मंद सोडा. पाणी हललं तर घरटं विस्कटतं.

थर्माकोलचा कप उभा अर्धा कापून पाण्यावर काचेला चिकटवा. त्याच्या आडोशाला नर फेसाचं घरटं बांधतो. बदामाचं वाळलेलं पान आणि जावा मॉस या पाणशेवाळाचे दाट झुबके सोडा. ही झाडी मादीच्या जिवासाठी आहे, त्यात काटकसर नको.

आठ-दहा दिवस दोघांना वेगवेगळं ठेवून जिवंत खाद्य द्या. मग नर टाकीत, मादी त्याच टाकीत पारदर्शक बरणीत. घरटं झालं, मादीच्या अंगावर उभे पट्टे उमटले, पोटाखाली पांढरा ठिपका दिसला की तिला मोकळं करा. थोडे पंख फाटतात. ती सतत मार खात असेल, तर लगेच बाहेर काढा आणि काही दिवसांनी पुन्हा बघा.

नर मादीला विळखा घालतो, अंडी पडतात, तो ती वेचतो. हे तासन्‌तास चालतं. नर तिला हुसकावू लागला की मादी काढा.

पिल्लं साधारण 24 ते 48 तासांत बाहेर येतात आणि घरट्याखाली शेपट्या लोंबकळत राहतात. तेव्हा खाद्य नको, अन्नपिशवी असते. दोन-तीन दिवसांनी ती आडवी पोहू लागली की नर काढा आणि त्याच दिवसापासून इन्फ्युसोरिया द्या, थोडं-थोडं, दिवसातून अनेकदा. चार-पाच दिवसांनी मायक्रोवर्म आणि अंड्यातून नुकतंच फुटलेलं आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे चिमुकले जीव.

झाकण मात्र घट्टच ठेवा. पहिल्या काही आठवड्यांत पिल्लांचं हवेतून श्वास घेणारं इंद्रिय घडत असतं, तेव्हा पाण्यावरची हवा उबदार आणि दमट हवी. तळातली घाण एअरलाइनच्या बारीक नळीने ओढा, आणि तेवढंच, त्याच तापमानाचं पाणी थेंबथेंब भरा.

एका वेळी शंभरावर पिल्लं होऊ शकतात, आणि दोन-तीन महिन्यांत नर एकमेकांवर धावून जातात. तेव्हा प्रत्येकाला वेगळी बरणी लागेल. तेवढी जागा आजच मोजून ठेवा.