स्प्रिंगचे पाय बांधताय? आधी मोंढ्यातल्या काट्यावर उभे राहा

रील बघून पोरं जंपिंग स्टिल्ट्स, म्हणजे पायाला बांधून उड्या मारायचे स्प्रिंगचे पाय, मागवायलेत. पिंढरीच्या मागे धनुष्यासारखी फायबरग्लासची पट्टी (हीच स्प्रिंग), गुडघ्याखाली पट्टा, बूट अडकवायला पायठाण आणि खाली रबरी खूर, एवढाच तो सांगाडा. जर्मनीच्या आलेक्झांडर ब्योक यांची ही रचना. अमेरिकेतलं पेटंट २००४ सालचं. आपल्याकडे मात्र ती विकत घेताना लोक पहिला प्रश्न विचारतात तो बुटाच्या नंबराचा, आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

मीही तेच केलं. विकणाऱ्यानं नंबर विचारला, मी आठ सांगितला, जोडी आली. स्प्रिंगवर ५० ते ७० किलो छापलेलं होतं, माझं वजन ७८. पहिल्या दोन दिवसांत वाटलं, वा, काय मऊ चालतंय! तिसऱ्या दिवसापासून प्रत्येक उडीला खालून ‘खट्ट’ व्हायला लागलं. स्प्रिंग पूर्ण दबून टेकत होती. महिन्याभरात पट्टीला उभी चीर गेली. परत पाठवायला गेलो तर म्हणे, ‘वापरलेला माल आम्ही घेत नाही.’

तर माप वजनाचं. मोठ्यांच्या जोड्या साधारण ५०-७०, ७०-९० आणि ९०-११० किलो अशा गटांत येतात. कंपनीगणिक आकडे थोडे सरकतात, म्हणून खोक्यावरचा नव्हे, प्रत्यक्ष पट्टीवरचा आकडा वाचा. वजन घरच्या काट्यावर, सकाळी उपाशीपोटी करू नका. मोंढ्यात ओळखीचा आडत्या असेल तर त्याच्या काट्यावर हेल्मेट, बूट, गुडघ्याचे पॅड सगळं घालून उभे राहा. हमाल हसतील, हसू द्या. ६९ किलोचा माणूस सामानासकट ७२ भरतो आणि त्याचा गट बदलतो.

याच्या उलटी चूक तरण्या पोरांची. ‘कडक घेतली की उंच उडी’ म्हणून ५५ किलोचा गडी ९०ची जोडी घेतो. ती त्याच्यानं दबतच नाही. न दबणारी स्प्रिंग म्हणजे नुसता बांबू. धक्का थेट गुडघ्यात आणि कमरेत जातो, शिवाय तोल पुढे ढकलला जातो. लहान मुलांच्या जोड्या वेगळ्या मिळतात. मोठ्या भावाची जोडी धाकट्याच्या पायात पट्टे आवळून बसवायची नाही.

उंचीचा संबंध येतो तो फक्त पट्ट्याच्या जागेशी. पट्टा गुडघ्याच्या वाटीच्या जरा खाली, नडगीवर सपाट बसला पाहिजे. वाटीवर चढला तर पाय वाकत नाही, फार खाली गेला तर दोन दिवसांत नडगी काळीनिळी. टाच मागे रेटून मगच बुटाचे पट्टे आवळा. आत पाय हलत असेल तर तो दोष पट्ट्यांचा आहे, स्प्रिंगला शिव्या देऊन उपयोग नाही.

आता उभं राहणं. जमिनीवर बसून हे पाय बांधले तर उठताच येत नाही. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा मागचा फाळका पाडा आणि त्यावर बसून बांधा. उंची अगदी बेतात येते. दोघांनी दोन बाजूंनी दंडाला धरायचं, हाताला नाही. मग सगळ्यात मोठी चूक होते: पोरगं उभं राहतं आणि स्थिर थांबायला बघतं. या पायांवर कुणालाच स्थिर थांबता येत नाही. खूर तळहाताएवढा, वरचा माणूस फूट-दीड फूट उंच झालेला. जागच्या जागी पावलं टाकत राहायची, सायकल थांबली की पडते तसंच हे. ‘माझा तोल वाईट आहे’ म्हणून सोडून देणारे बहुतेक जण फक्त थांबायला बघत होते. पहिले दोन-तीन दिवस चालणं, मग हळू पळणं. उडी नंतर.

पडणार तर आहातच. मागे कधी पडायचं नाही. कंबर, डोकं, मनगट तिघांवरही संकट. तोल गेला की गुडघे वाकवून पुढे, आधी पॅडवर, मग कोपर आणि हात. म्हणून पॅड कडक प्लॅस्टिकच्या वाटीचे हवेत, ते घसरतात. क्रिकेटचे कापडी पॅड जमिनीला धरतात. मनगटाचे गार्ड तर चुकवूच नका, कारण पडताना हात आपोआप पुढे येतो.

जागा निवडताना आपली काळी माती पहिली बाद. पावसाळ्यात खूर रुततो, उन्हाळ्यात भेगा एवढ्या रुंद की खूर आत जाऊन अडकतो आणि माणूस पुढे. मुरमाचा रस्ताही नको, खडी खुराखाली फिरते. मंगल कार्यालयातली गुळगुळीत शहाबादी फरशी, त्यात पाणी सांडलेलं, तिथे तर अनुभवी माणूसही आपटतो. कोरडं, खरबरीत काँक्रीट सगळ्यात बरं. शाळेचं बास्केटबॉल कोर्ट सुट्टीच्या दिवशी परवानगी काढून वापरा, तेही सकाळी आठच्या आत. मे महिन्यात त्यानंतर हेल्मेट डोक्यावर टिकत नाही.

रोज बांधण्याआधी पाच मिनिटं पान्याला द्या. नट ढिला असेल तर चालताना टकटक येते, ती स्प्रिंगची नसते. करकर येत असेल तर सांध्याचं बुशिंग, म्हणजे आतली घर्षण कमी करणारी नळी, कोरडं पडलंय. पट्टीवरून हात फिरवू नका, काचेचे तंतू बोटात घुसतात. सुती फडकं फिरवा. धागा अडकला म्हणजे तिथं पापुद्रा सुटलाय. त्यावर एम-सील लावून भागत नाही. स्प्रिंग बदला, आणि बदलायची तर दोन्ही. एक नवी एक जुनी असली की माणूस लंगडा उडतो. जोडी पत्र्यावर उन्हात टाकू नका, खुराचं रबर कडक होऊन पकड जाते.

आणि गल्लीतली कुत्री. सात फुटी माणूस टणाटण उड्या मारत आला की ती पिसाळल्यासारखी धावतात, आणि तेव्हा पळायचं डोक्यात येतं. पळू नका. पहिल्या आठवड्यात एक मित्र काठी घेऊन सोबत ठेवा.