सायकलवर अंग चोरू नका: रस्त्यावरच्या या चुका टाळा

गाड्यांच्या गर्दीत सायकल काढली की बहुतेकांचा कल अंग चोरण्याकडे असतो. आपण हळू जातो, आपल्यापायी कुणाची खोटी नको, म्हणून होता होईल तेवढं कडेला सरकायचं. हा भिडस्तपणा एरवी ठीक, पण रस्त्यावर महागात पडतो. खालच्या बऱ्याचशा चुका त्यातूनच होतात.

गाड्या अगदी घासून जातात

ही नेहमीची तक्रार. चूक गाडीवाल्याची असतेच, पण त्याला ती करायला वाव आपण देतो. डांबराच्या अगदी काठावरून चालवलं की मागच्याला वाटतं, स्टिअरिंग न हलवता सहज निघून जाऊ. तो निघतो आणि त्याचा आरसा तुमच्या कोपराजवळून जातो. शिवाय काचा, खडी, वाळू सगळी त्या काठालाच साचते. गटाराच्या जाळीच्या फटी चाकाच्या दिशेने असतील तर बारीक टायर सरळ आत जातं. ते चुकवायला तुम्ही ऐनवेळी आत वळता आणि मागचा गाफील असतो.

काठापासून निदान अर्धा मीटर, जमलं तर त्याहून जास्त अंतर ठेवा आणि सरळ रेषेत चालवा. दोन उभ्या गाड्यांमधल्या मोकळ्या जागेत शिरून पुन्हा बाहेर येऊ नका. मागच्याच्या दृष्टीने तुम्ही एकदम उगवता. लेन इतकी अरुंद असेल की गाडी आणि सायकल शेजारी मावत नाहीत, तर तेवढ्यापुरते लेनच्या मधोमध या. ब्रिटनच्या हायवे कोडमध्ये, म्हणजे तिथल्या वाहतुकीच्या नियमपुस्तिकेत, २०२२च्या बदलांपासून अरुंद जागी आणि चौकाजवळ हाच सल्ला दिलेला आहे. मागचा हॉर्न वाजवेल. वाजवू दे, म्हणजे त्याला तुम्ही दिसलात. रस्ता रुंद झाला की बाजूला होऊन त्याला वाट द्या.

उभ्या मोटारीचं दार

दार उघडलं की एक मीटरभर जागा जाते, तेवढं अंतर उभ्या गाड्यांपासूनही हवं. नुसतं दारावर आदळणं एक वेळ परवडलं. हँडलचं टोक दाराच्या कडेला लागलं तर चाक फिरतं आणि माणूस थेट चालत्या लेनमध्ये फेकला जातो. काचेतून आत कुणाचं डोकं दिसतंय का, मागचा लाल दिवा नुकताच विझला का, एवढं बघायची सवय लावा.

वळणाऱ्या ट्रकच्या कुशीत शिरणं

या यादीतली सगळ्यात जीवघेणी चूक ही. सिग्नलला ट्रक थांबलेला, त्याच्या कडेने सायकलपुरती फट, आणि आपण सुळकन पुढे. तेवढ्यात ट्रक त्याच बाजूला वळतो. लांब गाडीची मागची चाकं पुढच्या चाकांच्या वाटेने जात नाहीत, आतून कापून येतात. त्यात वळण्याआधी चालक गाडी किंचित उलट बाजूला घेतो, त्यामुळे फट रुंद झाल्यासारखी वाटते आणि ट्रक सरळ जाणार असा समज होतो. पुढचा भाग पार झाला तेव्हा जी जागा मोकळी होती, ती मागचा भाग येईपर्यंत उरतच नाही.

चालक उंचावर बसलेला असतो. दाराखाली आणि बंपरच्या लगत काय आहे ते त्याला दिसत नाही. आरशात त्याचा चेहरा तुम्हाला दिसत नसेल तर तुम्हीही त्याला दिसत नाही. दिसत असला तरी तो बघतोच आहे असं नाही. मागे थांबा. यावर दुसरा तोडगा मला तरी माहीत नाही.

उलट दिशेने चालवणं

‘समोरची गाडी दिसते म्हणून बरं’ हा युक्तिवाद पायी चालणाऱ्याला लागू पडतो, सायकलला नाही. ताशी २० ने तुम्ही आणि ५० ने गाडी, म्हणजे दोघं ७० ने एकमेकांवर येता; एकाच दिशेने असता तर फरक ३० चा असता. आणि गल्लीतून बाहेर पडणारा, ज्या बाजूने वाहनं येतात तिकडेच बघत असतो.

रात्री दिसत नाही

चमकदार पोपटी जॅकेट घालून निश्चिंत होऊ नका. तो रंग दिवसा उठून दिसतो तो सूर्यप्रकाशातल्या अतिनील किरणांमुळे. रात्री त्याचा जोर ओसरतो. रात्री उपयोगी पडतात त्या गाडीचा उजेड परत फेकणाऱ्या पट्ट्या, आणि त्याही घोट्याला बांधलेल्या उत्तम. पेडलबरोबर वर-खाली हलताना त्या दिसल्या की समोर सायकलवाला आहे हे लांबूनच कळतं. पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा हवाच. पुढचा थोडा खाली झुकवा, नाहीतर समोरच्याचे डोळे दिपतात.

किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी

मागे वळून बघताना सायकल त्याच बाजूला सरकते. सरळ रेषा न सोडता बघायचा सराव मोकळ्या मैदानात करा. हात वळणाच्या बराच आधी दाखवा, वळताना दोन्ही हात हँडलवर हवेत. रूळ ओलांडताना शक्य तितकं काटकोनात जा. हेल्मेट कपाळावर, भुवयांच्या दोन बोटं वर बसलं पाहिजे, मागे सरकवलेलं नको. हेडफोन घरी ठेवा. रिमवर दाबणारे ब्रेक पावसात उशिरा लागतात, म्हणून आधीच हलके दाबून रिमवरचं पाणी निपटून घ्या.

गाडी चालवणाऱ्यांनो, तुमचंही

सायकलला ओलांडताना किमान दीड मीटर सोडा. जर्मनीत २०२०पासून शहरात तेवढं आणि शहराबाहेर दोन मीटर अंतर कायद्यानेच बंधनकारक आहे. जागा नसेल तर मागे थांबा, सायकलला अगदी चिकटून हॉर्न दाबू नका. दचकलेला सायकलवाला कुठे वळेल याचा नेम नसतो. उतरताना दार लांबच्या हाताने उघडा, म्हणजे खांदा वळतो आणि नजर आपोआप मागे जाते. पुढच्याच वळणावर वळायचं असेल तर सायकलच्या पुढे घुसून तिची वाट कापू नका. तिला वळण ओलांडू द्या, मग वळा.