नवख्यांसाठी छोट्या गुंतवणुकीचं ॲप: आधी पैसे काढायचा स्क्रीन आखा

जळगावच्या एमआयडीसीत डाळ मिलमध्ये किंवा चटईच्या कारखान्यात काम करणारा माणूस बचत करत नाही, असं समजून ॲप आखायला बसलात तर पहिल्याच पायरीला चुकलात. तो भिशीत आहे, पिग्मीवाल्याला रोज पन्नास रुपये देतो, घरात कुणाची तरी पोस्टात आरडी आहे आणि दिवाळीला जमलं तर ग्रॅम-दोन ग्रॅम सोनं होतंच. बचतीची सवय त्याला आहे, ओळख नाही ती म्युच्युअल फंडाची. आणि खान्देशात पतसंस्थांत ठेवी अडकल्याच्या आठवणी ताज्या असल्यामुळे त्याच्या मनातला पहिला प्रश्न परताव्याचा नसतो. अहिराणीत तो असा येतो: 'मना पैसा कथा शेतस?' माझे पैसे आहेत कुठे? ॲपच्या प्रत्येक स्क्रीनवर या प्रश्नाचं उत्तर मिळालं पाहिजे.

पायरी १: आठ-दहा जणांशी बोला, पण ॲपबद्दल नको

'असं ॲप आलं तर वापराल का?' असं विचारलं की समोरचा भिडेपोटी हो म्हणतो. त्याऐवजी विचारा: गेल्या महिन्यात किती पैसे बाजूला टाकले? कुठल्या तारखेला? कुणाच्या हातात दिले? पावती काय मिळाली? मोडायची वेळ आली तेव्हा किती दिवस लागले? उत्तरं लिहून ठेवा, कारण तारखा आणि रकमा पुढे थेट कामाला येतात. पगारदाराचे पैसे महिन्याच्या ७ ते १० तारखेला येतात. कापूसवाल्याकडे ते दिवाळीच्या आसपास एकरकमी येतात, तर रावेर-यावलच्या केळीवाल्याकडे कटाई झाल्यावर. दर महिन्याच्या १ तारखेचीच सक्ती करणारं ॲप यातल्या कुणालाच सोयीचं नाही.

पायरी २: परवाना कोणता, ते डिझाइनच्या आधी ठरवा

हे वकिलावर सोडून स्क्रीन काढायला घेऊ नका, कारण परवान्यावरून स्क्रीन बदलतात. एआरएन क्रमांक (म्युच्युअल फंड विकायचा नोंदणी क्रमांक) घेऊन वितरक झालात तर फंड कंपनीकडून कमिशन मिळतं आणि ग्राहकाला रेग्युलर प्लॅन, म्हणजे ज्याच्या खर्चात ते कमिशन धरलेलं असतं तो प्लॅन, जातो. डायरेक्ट प्लॅनचे (ज्यात कमिशन नसतं) फक्त व्यवहार करून द्यायचे असतील तर सेबीची, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामक संस्थेची, २०२३ पासूनची 'एक्झिक्युशन ओन्ली प्लॅटफॉर्म' ही चौकट आहे. 'तुमच्यासाठी हा फंड योग्य' असं सांगून त्याची फी घ्यायची असेल, तर सेबी-नोंदणीकृत गुंतवणूक सल्लागार व्हावं लागतं. परवाना नसताना 'तुमच्यासाठी खास' असा बॅनर लावणं म्हणजे नसतं दुखणं ओढवून घेणं.

दुसरी गोष्ट पैशाच्या वाटेची. म्युच्युअल फंडाचे पैसे मधल्या कुणाच्या पूल खात्यात (अनेक ग्राहकांचे पैसे एकत्र ठेवणाऱ्या खात्यात) थांबवायला १ जुलै २०२२ पासून बंदी आहे. ग्राहकाच्या बँकेतून रक्कम थेट फंडाच्या खात्यात किंवा शेअर बाजाराचे व्यवहार पुरे करणाऱ्या क्लिअरिंग कॉर्पोरेशनकडे जाते. ही नुसती अट पाळू नका, ती दाखवा. पैसे भरण्याच्या स्क्रीनवर एकच ओळ पुरे: 'हे पैसे आमच्या खात्यात येत नाहीत.' पतसंस्थेत पोळलेल्या माणसासाठी ती ओळ दहा जाहिरातींना भारी आहे.

सुवर्णनगरी जळगावात ॲप काढताय म्हटल्यावर 'डिजिटल सोनं पण टाका' हा आग्रह होणारच. असं सोनं सेबीच्या नियमनाखाली येत नाही. सोनं द्यायचंच असेल तर गोल्ड ईटीएफ (शेअर बाजारात घेता-विकता येणारा सोन्याचा फंड) किंवा गोल्ड फंड द्या, आणि घडणावळ, हॉलमार्क या भाषेत ते समजावू नका. तो दागिना नाही.

पायरी ३: 'पैसे काढा' आधी आखा

बहुतेक ॲपमध्ये पैसे भरायचं बटण अंगठ्याखाली असतं आणि काढायचं चार स्क्रीन आत. नवखा माणूस मात्र पहिले शंभर रुपये टाकून लगेच ते परत येतात का, हे बघतो. त्याला बघू द्या. होम स्क्रीनवर 'पैसे टाका' आणि 'पैसे काढा' ही दोन बटणं शेजारी, एकाच आकाराची ठेवा.

काढायच्या स्क्रीनवर तीन गोष्टी रकमेच्या लगेच खाली याव्यात.

पहिली, हातात किती पडतील. बऱ्याच इक्विटी फंडांत वर्षाच्या आत काढल्यास १ टक्का एक्झिट लोड (लवकर पैसे काढल्याचं शुल्क) लागतो. तो टक्क्यात नको, रुपयात दाखवा.

दुसरी, कोणत्या वारी येतील. इक्विटी फंडाचे पैसे साधारण दोन कामकाजाच्या दिवसांनी मिळतात. शुक्रवारी दुपारी ३ च्या आत मागणी टाकली तर ते मंगळवारी येतील. स्क्रीनवर 'टी प्लस टू' लिहू नका, 'मंगळवारी' लिहा, आणि सुट्ट्यांची यादी मागे जोडा. नाहीतर मंगळवारी सुट्टी निघाली की फोन सुरू होतात.

तिसरी, कोणत्या खात्यात येतील. बँकेचं नाव आणि शेवटचे चार आकडे.

पायरी ४: केवायसीत माणसं का गळतात

सगळ्यात जास्त लोक इथेच सुटतात, तेव्हा वेळही इथेच घाला. आधी मोबाइल नंबर, मग पॅन. पॅन मिळाल्याबरोबर केआरएकडे (केवायसीच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेकडे) केवायसीची स्थिती तपासा, कारण काहींची ती आधीच झालेली असते आणि त्यांना पुन्हा आधार, फोटो, सही मागणं हा शुद्ध छळ आहे.

नेहमीच्या अडचणी ठरलेल्या आहेत. पॅनवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. चौधरी, पाटील, सोनवणे यांची इंग्रजी स्पेलिंगं दोन कागदांवर दोन तऱ्हांची. आधारला जोडलेला नंबर जुन्या सिमचा, त्यामुळे ओटीपी कुठेच येत नाही. पॅन-आधार जोडणी राहिलेली, म्हणून पॅन निष्क्रिय. या प्रत्येकासाठी वेगळा संदेश लिहा. 'काहीतरी चुकलं, पुन्हा प्रयत्न करा' हा संदेश म्हणजे माणसाला हाकलून देणंच. त्याऐवजी: 'पॅनवर आणि आधारवर नाव वेगळं आहे. आधी आधार केंद्रात नाव दुरुस्त करून घ्या. इथपर्यंत भरलेली माहिती आम्ही जपून ठेवली आहे.' आणि ती खरंच जपून ठेवा. दुरुस्तीला काही आठवडेही लागू शकतात.

माहिती वापरण्याची संमती मराठीत मागायची सोय ठेवाच. संमतीची विनंती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचायचा पर्याय माणसाला द्यावा, अशी तरतूद २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात आहे.

पायरी ५: दर महिन्याची रक्कम आणि ऑटोपे

सुरुवात १०० किंवा २५० रुपयांपासून ठेवा. फंड निवडताना तेवढ्या रकमेची एसआयपी (ठरलेल्या दिवशी ठरावीक रक्कम गुंतवणं) तो घेतो का, ते बघा. 'हप्ता' हा शब्द मात्र टाळा. गावाकडे हप्ता कर्जाचा असतो, आणि 'हप्ता चुकला' वाचलं की वसुलीवाला दारात दिसतो. 'बचत' लिहिलं तर मुद्दल सुरक्षित आहे असं वाटतं, तेही खोटं. 'महिन्याची गुंतवणूक' थोडं लांब आहे, पण खरं आहे.

आता यूपीआय ऑटोपेची ठेच. ग्राहकाने ५०० रुपये निवडले, पुढे यूपीआय ॲप उघडलं, आणि तिथे मोठ्या अक्षरात दिसतं: '५,००० रुपयांपर्यंत.' ही मँडेटची, म्हणजे खात्यातून आपोआप पैसे कापायच्या परवानगीची, कमाल मर्यादा. पुढे रक्कम वाढवली तर नवी परवानगी घ्यावी लागू नये म्हणून ती जास्त टाकलेली असते. माणूस घाबरून मागे फिरतो आणि तुम्हाला अहवालात फक्त 'पेमेंट अपूर्ण' दिसतं. नवख्यासाठी मर्यादा निवडलेल्या रकमेइतकीच ठेवा. रक्कम वाढवताना नवं मँडेट घ्यावं लागेल, तेवढा त्रास परवडतो.

खात्यात पैसे नसले तर काय होतं, तेही आधीच सांगा. फंड कंपनी दंड करत नाही, पण मँडेट नापास झाल्याचे पैसे बँक कापू शकते. महिन्याची एसआयपी लागोपाठ तीनदा नापास झाली तर ती बंद होते. म्हणून दोन दिवस आधी आठवण, आणि त्या आठवणीतच 'या महिन्यात थांबवा' हे बटण. पोळा, दिवाळी, शाळेची फी, लग्नसराई; अशा महिन्यांत थांबायची सोय नसली की लोक एसआयपी कायमची बंद करून टाकतात.

पायरी ६: पासबुक

पिग्मीच्या पुस्तकात ओळ असते: तारीख, रक्कम, सही. ॲपमध्ये रंगीत गोल आलेखाऐवजी तीच ओळ द्या. एक नोंद अशी, भाव नमुन्याचा:

'१० जून. बँकेतून गेले ५०० रुपये. मुद्रांक शुल्क अडीच पैसे. एका युनिटचा भाव ४८.२१५० रुपये. मिळाले १०.३७० युनिट.'

अडीच पैसे म्हणजे ०.००५ टक्के, १ जुलै २०२० पासून खरेदीवर लागू झालेलं शुल्क. एवढं क्षुल्लक कशाला दाखवायचं, असं वाटेल. पण हिशेब जुळवून बघणारे लोक असतातच, आणि त्यांचा हिशेब जुळला की तेच इतर चौघांना ॲप घ्यायला सांगतात.

या नोंदीत 'निव्वळ मालमत्ता मूल्य' नाही, 'एका युनिटचा भाव' आहे. तसंच 'विमोचन' नको, 'पैसे काढा'. मजकूर प्रमाण मराठीत ठेवा. पासबुकाची भाषा लोकांना तीच सवयीची आहे. समजावून सांगणारा आवाज मात्र अहिराणीत, रावेरकडे लेवा बोलीत आणि नंदुरबारच्या डोंगराळ भागात पावरीत असला तर फरक पडतो.

अंक देवनागरी की इंग्रजी, हा वाद प्रत्येक टीममध्ये होतो. काहीही निवडा, पण एका स्क्रीनवर मिसळू नका. देवनागरी १ घाईत इंग्रजी नऊसारखा दिसतो आणि ७ सहासारखा. स्वल्पविराम १,००,००० असाच हवा. अक्षर किमान १६ एसपी (अँड्रॉइडमधलं अक्षरांच्या आकाराचं माप) आणि ओळींतलं अंतर दीडपट ठेवा, नाहीतर वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार कापले जातात. फाँट तपासायला 'दुसऱ्या', 'राष्ट्र', 'उद्धार' हे तीन शब्द टाकून बघा. बटण ४८ डीपीपेक्षा (हे स्क्रीनवरच्या आकाराचं माप) लहान नको. शेतात काम करणाऱ्याचा अंगठा डिझायनरच्या अंगठ्याएवढा नसतो.

पायरी ७: परताव्याचा आकडा

महिन्याला ५०० रुपये, १० वर्षं: भरले ६०,०००. वार्षिक १२ टक्के धरले तर होतात सुमारे १ लाख १६ हजार, ८ टक्क्यांनी ९२ हजार आणि ४ टक्क्यांनी ७४ हजार. फक्त पहिला आकडा दाखवणं फसवणुकीच्या जवळ जातं. तिन्ही एकाच आकाराच्या अक्षरांत दाखवा, यातला कुठलाच पक्का नाही हेही तिथेच लिहा, आणि चौथी ओळ घाला: 'जानेवारी ते मार्च २०२० मध्ये निफ्टी सुमारे ३८ टक्के पडला होता. अशा वेळी ६०,००० चे ३७,००० दिसू शकतात.' हे वाचून थोडे लोक जातील. ते पुढच्या पडझडीत तसेही जाणारच होते, आणि तेव्हा जाताना नुकसान घेऊन गेले असते.

पायरी ८: चाचणी

आठ-दहा हजारांचा अँड्रॉइड फोन घ्या, स्टोरेज जवळजवळ भरलेलं. भुसावळच्या मे महिन्यातल्या दुपारी तो उन्हात धरून फिकट करडी अक्षरं वाचता येतात का बघा. मग मुख्य चाचणी: पिन टाकल्यावर, उत्तर यायच्या आत नेट बंद करा. तोरणमाळ-धडगावकडे हे रोजचं आहे. बँकेचा एसएमएस आलेला असतो आणि ॲप म्हणतं 'अयशस्वी'. माणूस पुन्हा पैसे भरतो, दोनदा कापले जातात, आणि गावभर बोभाटा होतो.

उपाय दोन. प्रत्येक व्यवहाराला फोनवरच एक क्रमांक द्या, म्हणजे तीच मागणी दुसऱ्यांदा आली तर सर्व्हर ती ओळखून नाकारेल. आणि उत्तर येईपर्यंत 'अयशस्वी' हा शब्दच वापरू नका. लिहा: 'बँकेकडून खात्री येते आहे. पुन्हा पैसे भरू नका. आज संध्याकाळी ६ पर्यंत कळवू.' मग बातमी असो वा नसो, ६ वाजता कळवा.