शून्य सावलीच्या दिवसाची तयारी

मुलांसाठी गणित-विज्ञानाचे वर्ग आमची संस्था वर्षभर घेते, पण त्यांच्या तोंडी वर्षभर राहतो तो ६ मेच्या आसपासचा दिवस. भर दुपारी कोल्हापुरात सावली नाहीशी होते तो. गेल्या वर्षी तो माझ्यामुळे हुकला. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सूर्य पुन्हा डोक्यावर येतो खरा, पण तेव्हा आपल्याकडे आभाळ भरलेलं. म्हणजे मे चुकला की वर्ष गेलं.

आधी वेळ लिहून घ्या. साडेबारा. बारा नाही! आपली घड्याळं ८२.५ अंश रेखांशावर लावलेली, कोल्हापूर त्याच्या सव्वाआठ अंश पश्चिमेला. अंशाला ४ मिनिटं, म्हणजे ३३ मिनिटांचा उशीर. मेच्या सुरुवातीला सूर्य घड्याळाच्या तीनेक मिनिटं पुढे असतो, ती वजा. राहिले १२:३०. हे गणित मी स्वतः शिकवते, आणि पत्रिकेवर मात्र ‘दुपारी १२’ छापलं. बाराला पटांगणात उभ्या केलेल्या मीटरभर पाइपाची सावली चांगली बारा सेंटिमीटर होती. ‘मॅडम, हाय की अजून सावली,’ पोरं म्हणाली. तेवढ्यात पाहुणे आले, सगळ्यांना मांडवात बसवलं, सत्कार, भाषण, आभार. बाहेर आलो तेव्हा पावणेएक वाजून गेला होता आणि सावली पूर्वेला पडली होती. राधानगरीहून पहाटेच्या एसटीनं आलेली एक मुलगी सकाळपासून दर दहा मिनिटांनी खडूनं खूण करत होती. शेवटच्या खुणेवर बोट ठेवून तिनं विचारलं, ‘मग ती गेली कधी?’ माझ्याकडे उत्तर होतं, पण दाखवायला काही नव्हतं.

म्हणून १२:१५ ते १२:४५ काहीही ठेवू नका. सत्कार नाही, चहा नाही, फोटो नाही. पाहुणे कितीही मोठे असोत. चार मिनिटांत मीटरभर पाइपाची सावली दीड-पावणेदोन सेंटिमीटर सरकते. ‘दोनच शब्द बोलतो’ म्हणेपर्यंत खेळ संपतो.

आदल्या रविवारी एक तास तरी घ्या, नाहीतर मुलांना ती जादू वाटते. आमच्याकडे अंबाबाईच्या किरणोत्सवापासून, म्हणजे मावळतीची किरणं देवळात मूर्तीवर पडतात तिथून, सुरुवात होते. ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी, याच तारखा का? सूर्य सगळ्यात दक्षिणेला असतो त्या २१ डिसेंबरपासून मागे-पुढे दिवस मोजायला सांगा. १० नोव्हेंबर ४१ दिवस आधी, ३१ जानेवारी ४१ दिवसांनंतर. सूर्य दक्षिणेकडे जाताना आणि परतताना मावळतीला त्याच जागी येतो. हे मुलांनी स्वतः शोधलं पाहिजे, आपण सांगून टाकायचं नाही.

पाइप ओळंब्यानं उभा करा, नुसत्या नजरेनं नको. तिरका पाइप साडेबारालाही सावली पाडतो. जागा सपाट हवी, झाडापासून लांब. आदल्या दिवशी त्याच पटांगणात, त्याच वेळी, म्हणजे साडेबाराला, एकदा करून बघा. मी हे केलं असतं तर पत्रिकेतली चूक तिथेच कळली असती, फोन करून तरी निस्तरता आली असती.

सूर्याकडे कुणी बघायचं नाही, हे प्रत्येक गटाला वेगळं सांगा. आठ-दहा मुलांमागे एक कार्यकर्ता. पालकांची लेखी संमती. टोप्या, पाणी, ताक. सावलीसाठी मांडव हवाच, पण १२:१५ला तो रिकामा करायचा. गावाकडच्या मुलांच्या परतीच्या एसटीची वेळ आधी विचारा, दुपारनंतर वळवाचा भरवसा नाही.

खर्चाला कार्यकारिणीची मंजुरी आधी, पावत्या संस्थेच्या नावावर, हिशेब त्याच संध्याकाळी. मुलांच्या वह्या गोळा करा. पत्रिका छापायला देण्याआधी वेळ दुसऱ्या कुणाकडून तरी वाचून घ्या. आणि पाहुण्यांना आदल्या रात्री फोन: भाषण एक वाजता, साडेबाराला आमच्याबरोबर उन्हात उभं राहायचं.