प्रेशर चढत नाही? आधी बारीक भोक बघा

हायड्रॉलिक प्रेसचा पंप गुरगुरतोय, गेजचा काटा मात्र ढिम्म. सगळे पंपाला शिव्या घालतात. मी आधी पायलट रिलीफ व्हॉल्व्हकडे वळतो, म्हणजे दाब ठरलेल्या मर्यादेला पोचला की तेल टाकीत सोडणाऱ्या व्हॉल्व्हकडे.

त्यात मुख्य पॉपेटच्या (टाकीकडची वाट उघड-बंद करणारा दट्ट्या) खाली पंपाचं तेल असतं आणि वरही तेच, फक्त साधारण १ मिमीच्या भोकातून गेलेलं. दोन्हीकडे दाब सारखा, म्हणून हलकी स्प्रिंगही पॉपेटला बसवून ठेवते. दाब सेटिंगला पोचला की वरचा छोटा पायलट व्हॉल्व्ह उघडतो, वरचं तेल टाकीत जातं. भोकातून तेवढी भरपाई होत नाही, वरचा दाब पडतो आणि पॉपेट उचलला जातो.

भोक कचऱ्याने बुजलं की वर दाबच बनत नाही. सगळं तेल टाकीत.

खोलण्याआधी पंप बंद, रॅम (प्रेसचा दाब देणारा दांडा) खाली टेकवलेला, अ‍ॅक्युम्युलेटर (दाबाखालचं तेल साठवणारं भांडं) रिकामा, काटा शून्यावर. भोक हवेने साफ करा. तार घालायची नाही! भोक मोठं झालं की व्हॉल्व्हची चालच बदलते. पायलटच्या सीटवर (तो जिथे टेकून बंद होतो ती जागा) ओरखडा आहे का, तेही उजेडात धरून बघा. व्हेंट पोर्ट (पॉपेटच्या वरचं तेल बाहेर सोडणारं तोंड) उघडा राहिला असेल तरी लक्षण हेच.

जोडल्यावर लॉकनट सैल, दाब ठरवणारा स्क्रू पूर्ण मागे. पंप चालू करून रॅम टोकाला न्या आणि स्क्रू पाव-पाव फेरा आत घ्या. कामाच्या दाबापेक्षा १० टक्के वर पुरे, प्रेसच्या माहिती-प्लेटवरच्या आकड्यापुढे कधीच नाही.

बॅकप्रेशर रेग्युलेटरही रिलीफसारखा स्वतःच्या आधीच्याच (तेल येतं त्या) बाजूचा दाब बघतो, पण तो सतत थोडाथोडा सोडत दाब राखतो. रिलीफच्या जागी तो चालवून घेऊ नका.